पहिला घास हाताने

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. शहादा तालुक्यातली गावंच्या गावं मला तीस वर्षं 'डॉक्टरसाहेब' म्हणत आली आणि मीही कधी कुणाला अडवलं नाही. सरकारी कागदावर माझं पद पशुधन पर्यवेक्षक. गाई-म्हशींना रेतन करायचं, लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचायच्या, अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा, आणि प्रकरण आवाक्याबाहेर गेलं की तालुक्याच्या पशुवैद्यकांना फोन लावायचा. पदवी त्यांची, शेण आमचं. पण शेणात उभा असलेला माणूस लोकांना रोज दिसतो, म्हणून डॉक्टर मी.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'गमतीदार अनुभव लिहा' असं कळवलं आहे. गमती आहेत, लिहितोही. पण एकदा लिहायला बसल्यावर कुठे थांबायचं ते मी ठरवणार, हे त्यांना फोनवर सांगून ठेवलं आहे.

कुत्री आमच्या कामात पूर्वी नव्हतीच. शेतावरचं कुत्रं आजारी पडलं तर चार दिवस बांधावर पडून राहायचं, मग उठायचं किंवा उठायचं नाही. त्याला दवाखान्यात आणणाऱ्याला लोक हसले असते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र पट्टा बांधलेली, नावं ठेवलेली, गादीवर झोपणारी कुत्री आली आणि त्यांच्यासोबत एक नवीन तक्रार आली. ताप नाही, जुलाब नाही, खरूज नाही. तक्रार एकच, कुत्रं जेवत नाही.

पहिली केस पुरुषोत्तमनगरच्या एका निवृत्त मास्तरांच्या घरची. पांढरं झुपकेदार पॉमेरियन, नाव पिंकी. मास्तरीणबाई डोळे पुसत दारात उभ्या. म्हणाल्या, "साहेब, सकायपासून काहीच खादं नई तिनी."

मी विचारलं, सकाळपासून तिच्या तोंडात काय काय गेलं ते आठवून सांगा. बाईंनी सांगितलं. चहासोबत दोन बिस्किटं, ती चहात बुडवून, कारण कोरडी ती खात नाही. मग दुधावरची साय. मग अर्धं केळं. मग मास्तरांच्या ताटलीतली शेव, पण ती काही जेवण नव्हे. मी म्हटलं, "बाई, ही उपाशी नाही, ही नुसती जेवत नाही."

उपाय सोपा होता. दिवसातून दोनदा ताट ठेवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, खाल्लं तर खाल्लं, नाही तर ताट उचलायचं आणि पुढच्या वेळेपर्यंत शेवेचा कणसुद्धा द्यायचा नाही. धडधाकट कुत्रं दोन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन आला की पिंकी ठीक आहे, पण तिच्याकडे बघून आम्हा दोघांनाच घास गिळवेना, आम्ही काय करावं? म्हटलं, तिच्याकडे पाठ करून जेवा. तिसऱ्या दिवशी पिंकीने वरण-पोळी चाटून-पुसून खाल्ली आणि मास्तरांनी मला घरी बोलावून श्रीखंड खाऊ घातलं.

दुसरी केस तापीकाठच्या एका मोठ्या शेतकरी घरातली. घर असं कडक शाकाहारी की अंड्याचं कवच अंगणात दिसलं तरी घर धुऊन काढतील. नातवाने सुरतेहून जर्मन शेफर्ड आणला होता आणि तो वरण-भाताकडे ढुंकून बघत नव्हता. बरगड्या मोजता येत होत्या. खांडबाऱ्याच्या बाजारातून मी पावशेर सुकट आणली, भाजली, कुटली आणि साध्या पुडीत बांधून आजींच्या हातात दिली. म्हटलं, औषध आहे, चिमूटभर गरम पाण्यात कालवून भातावर घाला. आजींनी पुडी नाकाशी नेली.

"हाई कसानं औषध शे रे भाऊ? वास ते मच्छीना येस."

"आजी, जहाल औषध शे."

आजींनी पुडी हात लांब करून धरली. मग म्हणाल्या, "मंग बाहेर ओटावर कालवत जासूत. घरमा आनू नको." वर्षभर त्या माझ्याकडून ते औषध मागवत होत्या, आणि दोघांनीही त्याचं नाव कधी काढलं नाही.

आता तिसरी युक्ती. तिच्याबद्दल मला खरा अभिमान होता. काही कुत्री ताटाजवळ येतात, वास घेतात आणि मागे सरतात. त्यांना भूक असते, पण सुरुवात होत नाही. अशा वेळी घास बोटांवर घ्यायचा, ओठ बाजूला सारून जिभेच्या मागच्या भागावर ठेवायचा आणि गळा वरून खाली हलका चोळायचा. एक घास गिळला की दुसऱ्याला ते आपणहून तोंड उघडतं. पहिला घास हाताने, असं मी जिथे जाईन तिथे शिकवत असे. शिबिरांत सांगत असे. बायांना ते लगेच पटायचं, कारण त्यांनी पोरांना असंच वाढवलेलं असतं. हळूहळू असं झालं की नंदुरबारपासून नवापूरपर्यंत कुणाचं कुत्रं जेवेना तर माझा नंबर मिळवून फोन यायचा, आणि मी मोटरसायकल बाजूला उभी करून पाच मिनिटांत निकाल द्यायचो. जनावर न बघता. त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, असं मला वाटायचं.

गमती संपल्या.

सुदाम माझा शाळेपासूनचा मित्र. शहाद्यापासून सात-आठ किलोमीटरवर त्याचं गाव, आठ एकर जमीन, कापूस आणि थोडी केळी. त्याच्या बायकोचं नाव शोभा. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भाऊ. मुलगी लग्न होऊन गेली, घरात दोघंच. आणि भुऱ्या नावाचं एक गावठी कुत्रं, मातकट रंगाचं, एका कानाचा शेंडा तुटलेलं. वहिनी रोज शेवटची भाकरी त्याच्यासाठी थापायची, बारीक कुस्करून, ताकात भिजवून. आम्ही तिला चिडवायचो की सुदामला शिळी आणि भुऱ्याला ताजी. ती म्हणायची, भुऱ्या नावं तरी ठेवत नाही.

भुऱ्याला पिसाळण्याची लस मी दोन वर्षं टोचली होती. तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा तो शेतात होता. म्हटलं पुढच्या खेपेला बघू. पुढच्या खेपेला लस संपली होती. मग विसरलो.

माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. लम्पीची साथ होती आणि आम्ही गोठ्यागोठ्यातून लसीकरण करत धावत होतो. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी जोरात होती. दुपारी बारा-साडेबाराला एका गोठ्यात गाय धरून उभा असताना वहिनीचा फोन आला.

"भाऊ, भुऱ्या खास नई. दोन दिन व्हयनात. तोंडमा लेस आन खाले पडी जास. गयामा हाडूक अटकेल शे, आसं वाटस."

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी इथे थांबून सांगतो. कुत्रं खात नाही, ही एक गोष्ट. कुत्र्याला गिळता येत नाही, ही वेगळी गोष्ट. पिसाळलेलं कुत्रं दरवेळी अंगावर धावतंच असं नाही. काही कुत्री गप्प होतात, कोपऱ्यात बसतात, जबडा सैल पडतो, लाळ गळते, घास तोंडात घेतात आणि तो खाली पडतो. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलं. मायेचं माणूस तोंडात हात घालून हाड शोधतं. हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. 'हाड अडकलंय' हे शब्द ऐकले की आधी हात मागे घ्या, हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवलं आहे.

आणि त्या दुपारी मी काय म्हणालो? गाय ओढत होती, मागे सात-आठ माणसं आपली जनावरं धरून ताटकळली होती. मी फोन खांद्यात दाबून म्हणालो, "लाड जास्ती व्हई ग्यात तेना, वहिनी. पहिला घास हातवर ली तोंडमा मांगे ठेवा, दोन घास गयात का मंग खाई तो. आन हाडूक व्हई ते बोट घालीसन दखी ल्या."

गोठ्यातली माणसं हसली. मीही हसलो.

दोन दिवसांनी सुदामच्या गावातल्या लसीकरणाची पाळी आली. काम आटोपून चारच्या सुमारास सुदामच्या घरी गेलो. भुऱ्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला होता. मला बघून तो नेहमी उड्या मारायचा. आता त्याने मान वळवली, एवढंच. खालचा जबडा लोंबत होता. लाळेची तार जमिनीपर्यंत पोचली होती. त्याने भुंकायचा प्रयत्न केला आणि जो आवाज आला तो कुत्र्याचा नव्हता. मला जवळ जायची गरजच पडली नाही.

वहिनी कापसाचं गाठोडं ओसरीवर टाकून आली. मी विचारलं, "तोंडात हात घातला का?"

"तुम्हीच सांगेल व्हतं ना, भाऊ. दोन दिन घास दिधा तेले मी. हाडूक दखं, नई सापडनं. चावना नई बिचारा, एक दात लागू दिधा नई."

तिने हात पुढे केले, कुत्रं किती शहाणं ते दाखवायला. कापूस वेचणाऱ्या बाईचे हात ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगतो. सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. दिवसभर वेचून बोटांची पेरं फाटतात, नखांच्या कडा सोलून निघतात. वेचणीच्या दिवसांत एकाही बाईचं बोट धड नसतं, आणि त्याला कुणी जखम म्हणत नाही. वहिनीची दहाही बोटं चिरलेली होती. ते हात मनगटापर्यंत त्या तोंडात जाऊन आले होते. कुत्र्याने चावायची गरजच राहिली नव्हती.

मी तिला नळाखाली साबणाने हात धुवायला लावले, पंधरा-वीस मिनिटं. ती हसत होती, की एवढं काय. सुदाम आला. त्याने विचारलं, "काय व्हयनं तेले?"

त्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. पिसाळलाय. तो शब्द उच्चारला असता तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तू तोंडात हात घालायला का सांगितलंस. माझी तीस वर्षांची डॉक्टरकी त्या प्रश्नापुढे उभी राहिली नसती. मी म्हणालो, "काही सांगता येस नई. कायजी म्हनीसन वहिनीले सुया दी टाकूत."

काळजी म्हणून. हे दोन शब्द मी निवडून काढले होते.

भुऱ्या दुसऱ्या दिवशी मेला. त्याचं डोकं तपासणीला पाठवायला हवं होतं. नियम मला पाठ होता. मी सुदामला म्हटलं, बांधाला खोल खड्डा करून पुरून टाक. तपासणी झाली असती तर कागद आला असता, आणि कागदावर तो शब्द आला असता.

वहिनीला दवाखान्यात मीच घेऊन गेलो होतो, मोटरसायकलवर बसवून, भुऱ्याला बघितलं त्याच संध्याकाळी. तिथल्या तरुण डॉक्टरांनी नीट विचारलं. चावलंय का, ओरखडा आहे का, जखम आहे का? वहिनीने संकोचून हात पदराखाली घेतले होते, काळवंडलेले हात चार माणसांत काय दाखवायचे म्हणून. उत्तर मी दिलं. "नाही, नुसती लाळ लागलीये." चिरलेल्या बोटांना लाळ लागली की ती चावल्यात जमा असते, मग नुसती लस पुरत नाही, जखमेत वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं. मी एक वाक्य बोललो असतो तर त्यांनी ते दिलं असतं. पण ते वाक्य बोलायचं तर हात तोंडात गेला कसा हेही सांगावं लागलं असतं. मी खात्यातला माणूस, माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला.

पहिली सुई झाली, तीन दिवसांनी दुसरी झाली. तिसऱ्या सुईच्या दिवशी मजूर मिळाले होते. वेचणीत मजूर मिळणं म्हणजे काय ते इकडच्या शेतकऱ्यालाच माहीत. वहिनी म्हणाली, चावलं तर नाहीच, काळजी म्हणूनच तर आहे, पुढच्या आठवड्यात जाईन. सुदामने मला फोन करून विचारलंही, चालेल का. मी म्हणालो, "शक्यतो चुकवू नका." शक्यतो! जीव जाईल, आत्ताच्या आत्ता उठ, असं ओरडून सांगायला हवं होतं. पण ओरडलो असतो तर त्याने कारण विचारलं असतं. मग पुढचा आठवडा आला आणि केळीला पाणी द्यायचं होतं. मी पुन्हा फोन केला नाही. डिसेंबर गेला, काही झालं नाही. मी मनाची समजूत घातली की कदाचित भुऱ्याच्या घशात खरंच हाड असेल.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळी सुदामचा फोन.

"भाऊ, तुन्ही वहिनी कालपासून काही खास नई. पानी भी नको म्हनस. तू ये बरं."

मी पोचलो तेव्हा ती आतल्या खोलीत बाजेवर बसली होती. ताप होता. हातांत मुंग्या येतात म्हणत होती, बोटांत. सुदामने पंखा लावला तशी तिची मान आखडली, गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या. मी धावत जाऊन पंखा बंद केला. पाण्याचा पेला समोर धरला तर तिने दोन्ही हातांनी तो लोटला आणि मग स्वतःच शरमली.

"भाऊ, घास उतरस नई. तहान लागेल शे, पन पानी दखं का जीव घाबरस. काय शे हाई?"

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात तिचा जीव गेला. त्या रोगाला उपाय नाही, तो सुरू झाला की माणूस जातो. तिथल्या डॉक्टरांनी तिला शांत ठेवण्यासाठी जे करता येईल ते केलं. त्याबद्दल मला लिहायचं नाही. लिहायचं आहे ते त्या सकाळी तिला दवाखान्यात न्यायला सुदामच्या पुतण्याची गाडी येईपर्यंतच्या अर्ध्या तासाबद्दल.

आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी त्याला सगळं सांगितलं. गोठ्यात उभं राहून काय बोललो, भुऱ्याला बघताच काय ओळखलं, दवाखान्यात काय लपवलं. तो मान खाली घालून ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने विचारलं, "तुले तव्हयच माहीत व्हतं?"

"हां."

"मंग बोलना काबरं नई?"

"लाज वाटनी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तो मारेल. मारायला हवं होतं, मी वाटच बघत होतो. पण तो हळू आवाजात म्हणाला, "तू सांगता ना, ते मी तिले खांदावर बसाडीसन लई जातू. कापूस जातू चुल्हामा."

तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला. घोगरा, तुटका.

"आवो, भाऊले चहा दिधा का?"

सुदाम उठला. आत जाऊन त्याने गॅस पेटवला, चहा केला, कपबशी आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "पी. ती इचारी." थोड्या वेळाने तिने खरंच विचारलं, पिला का भाऊंनी. मी चहा प्यायलो, आणि हो म्हणालो.